दोन क्रेडिटचा डोंगर

ओपन इलेक्टिव्हच्या यादीत
योग भरला होता, फोटोग्राफी भरली होती,
उरला होता भूगोल.
शनिवार, सकाळी साडेसात,
खोली चारशे सहा, लिफ्ट बंद.

आम्ही सतराजण.
बीकॉमचे अकरा, आयटीचे पाच,
आणि मायक्रोबायोलॉजीची शलाका कोयंडे,
जी पहिल्याच दिवशी म्हणाली,
मॅडम, मला फक्त पास व्हायचंय.
तांडेल मॅडम म्हणाल्या, बस आधी. खिडकीकडे बस.

समोच्च रेषा म्हणजे काय, हे त्यांनी चालून दाखवलं.
बाकांच्या मधून, हात पसरून :
डोंगराला असा वळसा घालायचा
की ना चढायचं ना उतरायचं.
मग पायांमागे जी रेघ राहील, ती.
आयटीची पोरं हसली.
मी वहीत लिहून घेतलं,
पानाच्या डावीकडे नावे, उजवीकडे जमा
आधीच आखून ठेवलेलं. सवय.

मग टोपोशीट आली.
शहर यायच्या आधीची, घड्यांवर फाटलेली,
मागून सेलोटेप.
आपापलं घर शोधा, मॅडम म्हणाल्या.
सीवूड्सचा हर्षल चिखलात सापडला.
शलाका मिठागरात.
वाशीची दोघं भर खाडीत, भरतीच्या रेषेच्या आत,
आणि आमच्यासारख्यांची घरं म्हणाल तर
तिथे तपकिरी रेषा, एकीत एक,
मी मोजल्या : सात.
वीस मीटरला एक.

ती शीट घेऊन गच्चीवर गेलो.
सानपाड्याहून तुर्भ्याकडे तोंड करून
सतराजणांनी नकाशे फिरवले,
उत्तर जुळवली.
खाडी जिथल्या तिथे. रूळ, मॅडमनी पेन्सिलीने काढलेले, जिथल्या तिथे.
शलाका म्हणाली,
मॅडम, डोंगर चुकलाय. इथे गोल आहे,
तिथे तर भिंत आहे. उभी.
पाचच रेषा उरल्यात.

बरोबर, मॅडम म्हणाल्या. मग वरच्या दोन कुठे गेल्या?

कुणी खाडीकडे पाहिलं नाही.
मला उत्तर येत होतं.
माझ्या तोंडात खडीचा भुगा आल्यासारखं झालं
आणि मी हात वर केला नाही.

गृहपाठ : आलेख कागदावर आडवा छेद काढा.
रात्री दिव्याखाली काढत बसले होते.
बाप खोकत उठला, पाणी प्यायला,
माझ्या खांद्यावरून बघत राहिला.
त्याला वाचता येत नाही.
काय हाय ह्ये?
डोंगर, मी म्हटलं. आपला. कापायच्या आधीचा.
त्याने बोट ठेवलं शिखराच्या जरा उजवीकडे.
ही रेघ खाली घे, पोरी.
हितं उतार हुता. हितनं तुझी आय डबा घिऊन यायची,
पाय घसरायचा तिचा.
आन् हितं सुरुंगाचा पयला बार.
बोट खाली खाली आलं,
कागद संपला, चटईवर आलं,
दाराकडे. डंपर असंच जायचे, म्हणाला,
पार पाण्यात.

मी खोडरबर घेतलं. उतार काढला.

किती मार्कांचं हाय?
दोन क्रेडिट, आप्पा.
क्रेडिट म्हंजी उधारी ना?
हो म्हणावं की नाही, कळेना.
तो झोपायला गेला.
मग किती तरी वेळ मी नावे आणि जमा मांडत बसले :
एका बाजूला दोन रेषा,
दुसऱ्या बाजूला सानपाडा, वाशी, कॉलेज, चारशे सहा.
ताळा लागला नाही.
बापाची छाती कुठल्या बाजूला धरायची,
ते अकाउंट्सच्या सरांनी शिकवलेलं नाही.

पुढल्या शनिवारी कागद परत आला. दहापैकी आठ.
त्या उतारावर लाल गोल आणि बाजूला :
हा टोपोशीटवर नाही. संदर्भ?

मधल्या सुट्टीत, जिन्यातच बसून,
मी निळ्या पेनाने खाली लिहिलं :
यल्लप्पा धोत्रे, ब्रेकर,
तुर्भे खाण,
प्रत्यक्ष पाहणी, एकवीस वर्षं.